दगडी भिंत आणि कालवा : साहित्य नेण्याआधी वाचावे असे माहितीपत्रक

मॉडेल रेल्वेच्या देखाव्यासाठी भिंतीचे साहित्य घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी रंगाचे विचारतात. कोणता रंग लावला की भिंत खरी दिसेल? आम्ही उलट विचारतो, की ही भिंत लेआउटवर, म्हणजे त्या छोट्या देखाव्यावर, काय अडवून धरणार आहे? माती, पाणी, की शेजाऱ्याची म्हैस? उत्तर आले की उंची, जाडी, ढाळ, दगडाचा आकार या गोष्टी बऱ्याचशा आपोआप ठरतात, आणि रंगाचे काम शेवटच्या संध्याकाळी उरकते. कालव्याचेही तसेच. तो दिसतो कसा यापेक्षा त्यातून पाणी कसे वाहणार, हे आधी ठरवावे लागते.

आमचे बरेच ग्राहक २०२० साली बंद झालेल्या ग्वाल्हेर-श्योपूर छोट्या गाडीच्या प्रेमातले आहेत, म्हणून खालची मापे त्याच गाडीच्या हिशेबाने दिली आहेत. खऱ्या रुळांतले अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट होते. ९ मिलिमीटर अंतराचा तयार रूळ १:७६ प्रमाणात वापरला तर तो ६८४ मिलिमीटर भरतो. फरक असतो, पण डोळ्यांना टोचत नाही. या प्रमाणात खरा एक मीटर म्हणजे लेआउटवर १३ मिलिमीटर. १:८७ मध्ये काम करणाऱ्यांनी साडेअकरा धरावे. (ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या मेजावरची चांदीची गाडी दाखवून ‘तशी करून द्या’ म्हणणारेही येतात. तिच्यावरची सुरई उचलली की ती थांबते, हे खरे. पण ती मेजावरून धावते, तिला ना भिंत लागते ना कालवा. त्यामुळे या पत्रकाचा तिला उपयोग नाही.)

भिंत कोणत्या कामाची?

शेताच्या बांधावरची किंवा अंगणाची भिंत स्वतःपुरती उभी असते. उंची सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे १६ मिलिमीटर. खाली रुंद, वर निमुळती, माथ्यावर सपाट दगड आडवे ठेवलेले. चुना-सिमेंट नसेल तर सांधे उघडे आणि काळे दिसायला हवेत. आमच्या भागात याहून सोपे एक कुंपण आहे: वालुकाश्माच्या उभ्या पट्ट्या जमिनीत रोवून शेजारी शेजारी लावतात. एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे तुकडे थोडे वेडेवाकडे कापून रोवले की झाले. कोणत्याही परदेशी संचात ते मिळत नाही आणि लेआउट मध्य भारतातला आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

मातीचा भराव पेलणारी भिंत मात्र वेगळी. तिच्यामागे ओल्या मातीचा दाब असतो, म्हणून गवंडी तिचा दर्शनी भाग मातीकडे कलता ठेवतो. उंचीच्या आठव्या ते बाराव्या भागाइतका हा ढाळ पुरतो. साडेतीन मीटरची भिंत लेआउटवर ४६ मिलिमीटर होते आणि तिचा माथा पायापेक्षा चार ते सहा मिलिमीटर आत जातो. सरळ काटकोनात उभी केलेली भिंत कितीही सुंदर रंगवा, ती पुठ्ठ्याचीच वाटते. मागचे पाणी बाहेर पडायला भोकेही हवीत. खालच्या एक-दोन थरांच्या वर, दर २० ते २५ मिलिमीटरवर, जेमतेम एक मिलिमीटरचे भोक. प्रत्येक भोकाखाली ओलाव्याचा एक गडद ओघळ काढा. मामुली वाटते, पण जाणकार पाहुणा सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो.

पुलाच्या दोन्ही टोकांच्या भिंती घडीव दगडाच्या, सरळ थरांच्या, बारीक सांध्यांच्या. तिथे रेल्वेने खर्च केलेला असतो. त्यांना लागून तिरप्या जाणाऱ्या बाजूच्या भिंती भरावाच्या उताराबरोबर खाली उतरतात. फलाटाच्या कडेबद्दल फार लिहीत नाही, छोट्या गाडीचा फलाट इतका बुटका असायचा की दोन थरांत काम भागते.

दगडाचा आकार

विंध्य वालुकाश्म थराथरांनी फुटतो. त्यामुळे इकडच्या भिंतीतले दगड बसके, लांबट, आडवे असतात. बाजारात मिळणाऱ्या तयार छापील किंवा साच्यातल्या भिंतींवर गोलसर गोट्यांचा नमुना असतो, तो नदीकाठच्या दूरदेशी गावाचा. तो आमच्याकडेही विकायला आहे, पण ग्वाल्हेरचा देखावा करणाऱ्याला आम्ही तो देत नाही.

माप पुन्हा एकदा बघा. ३० सेंटिमीटर लांबीचा दगड १:७६ मध्ये ४ मिलिमीटर, १५ सेंटिमीटरचा थर २ मिलिमीटर. हाताने कोरताना दगड नकळत मोठे होत जातात. दहा मिलिमीटरचा दगड म्हणजे प्रत्यक्षात पाऊण मीटर, तो उचलायला चार माणसे लागतील. फोमच्या कडेला पट्टी लावून दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा करून ठेवा आणि मगच कोरायला बसा.

कोरण्याची रीत

आमच्या संचात निळ्या कडक फोमचा १० मिलिमीटर जाडीचा तक्ता येतो. साधा दाणेदार थर्माकोल या कामाला चालत नाही, त्याचे दाणे सुटतात. तक्त्यावर चकचकीत पापुद्रा असेल तर सोलून काढा. मऊ पेन्सिलीने आडव्या रेषा हलक्या आखा, पण सगळे थर एकाच उंचीचे नकोत: एक दीड मिलिमीटरचा, पुढचा सव्वादोनचा, असे. मग शाई संपलेल्या बॉलपेनने सांधे दाबत जा. पेन ओढले की फोम फाटतो, दाबले की कड स्वच्छ येते. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. तीन थरांत एकच उभी रेघ दिसली तर गवंड्याने त्या दिवशी मजुरी घेतली नसावी. मधूनमधून एखादा दगड बोथट काडीने किंचित आत दाबा. शेवटी अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला गोळा भिंतीवरून फिरवला की दगडाला खरखर येते.

कोपऱ्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. खऱ्या भिंतीत कोपऱ्याचे दगड मोठे आणि घडीव असतात. एका थरात त्यांची लांब बाजू इकडे, पुढच्या थरात तिकडे. मॉडेलमध्ये दोन तक्ते नुसते काटकोनात चिकटवले की कोपऱ्यावर फोमची जाडी उघडी पडते आणि दोन्ही बाजूंचे थर जुळत नाहीत. म्हणून दोन्ही कडा ४५ अंशांत कापा, आधी जोडा, गोंद पूर्ण वाळू द्या आणि मग कोपऱ्याचे दगड दोन्ही बाजूंवर एकदमच कोरा. थर कोपरा ओलांडून पुढे गेला पाहिजे.

प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतून भिंत करायची असेल, तर पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरीत नको. प्लास्टर आधी गरम होते, मग थंड पडते. थंड पडल्यावरच साचा सोडा. उरलेले पातळ प्लास्टर मोरीत ओतू नका, नळीत दगड होतो आणि प्लंबरचे पैसे आम्ही देत नाही.

रंग

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दगडी भिंत म्हणजे काळीच वाटते, आणि ग्वाल्हेरात तीन पिढ्या काढलेली मराठी घरेसुद्धा सवयीने काळा-राखाडी रंग उचलतात. तो दख्खनच्या बेसाल्टचा रंग. इथला दगड बदामी, फिकट पिवळट, कुठे गुलाबीसर. किल्ल्याच्या पायथ्याशी सकाळी उभे राहून एक फोटो काढा आणि तो समोर ठेवून रंग मिसळा. आधी सगळीकडे मध्यम बदामी अॅक्रिलिक. मग सुटे सुटे दगड तीन छटांत, निम्मे तसेच सोडून. त्यावर गडद तपकिरीचे पातळ पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते सांध्यांत पसरते. पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांवर. माथ्यावरून खाली आलेले पावसाळी शेवाळाचे काळे ओघळ शेवटी, आणि थोडेच.

स्प्रेचा रंग आणि उग्र वासाचे सोल्युशन फोमला विरघळवतात. संचातला पाण्यात मिसळणारा रंग आणि पांढरा गोंदच वापरा.

कालवा : आधी पातळी

रूळ चढतो-उतरतो, कालव्याचे पाणी तसे करत नाही. खरा कालवा हजारो मीटरमागे एखादा मीटर उतरतो, त्यामुळे दोन-तीन मीटरच्या लेआउटवर तो लेव्हलने तपासून अगदी सपाटच ठेवावा. म्हणून कालवा आधी, रूळ नंतर. रूळ आधी टाकून मग खाली कालवा कोंबायचा म्हटले तर पुलासाठी रूळ वर चढवावा लागतो. १ ला ५० च्या चढाने ४० मिलिमीटर चढायला दोन्हीकडे दोन-दोन मीटर जातात आणि घरातली खोली संपते. त्याऐवजी बैठकीलाच ५० मिलिमीटरचा फोम घ्या, कालवा त्यात खोदा आणि रूळ फक्त २० मिलिमीटरच्या भरावावर न्या. गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, ८ मिलिमीटर जाड धरला तरी पाण्यावर पुरेशी मोकळी जागा राहते.

कालव्याचा छेद पेटीसारखा चौकोनी नसून वर रुंद, खाली अरुंद असतो. मुख्य कालवा करण्याचा मोह टाळा: तीस मीटर रुंदी म्हणजे लेआउटवर जवळजवळ ४० सेंटिमीटर पाणी. त्यापेक्षा वितरिका, म्हणजे मुख्य कालव्यातून फुटणारा छोटा कालवा, करा. तळ २ मीटर, खोली दीड मीटर, बाजूंचा उतार एका उंचीला दीड आडवे. लेआउटवर तळ २६, खोली २०, माथ्याची रुंदी सुमारे ८५ मिलिमीटर. काठाखाली सहा-सात मिलिमीटर जागा सोडून पाणी.

काळही जुळवा. चंबळचे पाणी कालव्यांत वळवणाऱ्या कोटा बंधाऱ्याचे उद्घाटन १९६० साली झाले. छोटी गाडी त्याच्या कितीतरी आधीची, माधवराव शिंदे महाराजांच्या काळातली. म्हणजे १९३० चा देखावा असेल तर त्यात चंबळचा काँक्रीटच्या अस्तराचा कालवा येऊ शकत नाही. १९७० चा असेल तर रेल्वेच्या मोऱ्या जुन्या दगडी, पण नव्या कालव्यावरचा पूल काँक्रीटचा किंवा पोलादी गर्डरचा. एकाच भरावावर दोन वयांची बांधकामे शेजारी शेजारी, हे दृश्य फार कमी लोक करतात.

अस्तरासाठी एक मिलिमीटरचा पुठ्ठा लावा, दर ४० मिलिमीटरवर आडवा सांधा कोरा, एक-दोन फरशा तडकवा, सांध्यांतून गवत काढा. पाण्याच्या रेषेखाली अस्तर गडद, वर फिकट. एका काठावर कच्चा सेवा-रस्ता, उतरायला चार पायऱ्या, शेताकडे पाणी सोडणारे छोटे लोखंडी दार. पाणी गाळाचे, म्हणून मातकट हिरवट रंग, मध्यभागी जरा गडद. इतक्या गढूळ पाण्याचा तळ दिसतच नाही. त्यामुळे आमचे प्रामाणिक मत असे की रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रव्याची, गरज नाही. तळ पांढऱ्या गोंदाने दोनदा बुजवा, रंगवा आणि चकचकीत अॅक्रिलिक वॉर्निशचे चार पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीचा वाळल्यावर. लाटा फक्त दाराशी आणि पुलाच्या खांबांशी, तिथे जाड जेल ब्रशने उठवा.

ऋतूही ठरवा. कालवा भरून वाहतो तो रब्बीला, तेव्हा भोवती गहू हिरवा आणि मोहरी पिवळी. मे महिन्याचा देखावा असेल तर कालवा कोरडा, तळाला तडकलेला गाळ, एखादे डबके, आणि शेतात नुसती खुंटे. पाणी करण्याची धास्ती वाटणाऱ्यांनी मे महिना निवडावा.

गाळासाठी गल्लीतली माती चालते. बारीक चाळा, तव्यावर भाजून घ्या म्हणजे किडे-अंडी उरत नाहीत, आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. मातीतले लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. चिकटवायला गोंद आणि पाणी निम्मे निम्मे, साबणाचा थेंब.

रेझिन वापरायचेच असेल तर

फक्त इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन फोम खाऊन टाकते. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नका, जाड थर स्वतःच्या उष्णतेने तापतो. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये मिश्रण नेहमीपेक्षा लवकर घट्ट होते, म्हणून पहाटे आणि थोडे थोडे मिसळा. पावसाळ्यात दमट दिवशी वरचा थर चिकट किंवा धुरकट राहतो. कालव्याची दोन्ही टोके टेपने नीट बंद करा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा.

आमच्याकडून काय मिळेल

संचात दोन फोम तक्ते, कोरण्याची दोन हत्यारे, पुठ्ठा, बदामी छटांचे चार रंग, गोंद आणि वॉर्निश येते. लेआउटची मोजमापे आणि दोन फोटो घेऊन या, कालव्याचा छेद आणि भिंतीचा ढाळ आम्ही कागदावर विनामूल्य काढून देतो. कोपरा कापून हवा असेल तर तक्ता इथेच कापून मिळेल. न वापरलेले तक्ते परत घेतो. फोडलेली रेझिनची बाटली आणि मिसळलेला रंग परत घेतला जात नाही.