तोडलेल्या पायांची साक्ष

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले शेतकरी आपलं माणूस गेलं की घराच्याच जमिनीखाली पुरत. उत्खननकर्त्यांच्या मते, पुरण्याआधी घोट्याखालून पाय तोडत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला होता. हा क्रूरपणा की अंत्यविधी, हे हाडांवरून कसं ओळखायचं?

क्रूरपणा कसा दिसतो, ते आधी बघू. जर्मनीत किलियानश्टेटन इथे रस्त्याचं काम चालू असताना सात हजार वर्षांपूर्वीचा एक खड्डा सापडला. त्यात किमान २६ माणसं, मुलांसकट, कशीही फेकलेली. कवट्या फुटलेल्या आणि निम्म्याहून अधिक नडग्या मोडलेल्या.

मोडलेलं हाड वाचायचं कसं? ओली फांदी आणि वाळकी काटकी मोडून बघा. ताज्या हाडात कोलॅजन हे प्रथिन असतं, त्यामुळे ते चिरत, तिरकं मोडतं आणि कडा गुळगुळीत राहतात. मातीत जुनं झालेलं हाड खडूसारखं तुटतं, तुटलेली बाजू खरबरीत आणि फिकट दिसते. जखमेनंतर माणूस आठवडा-दोन आठवडे जगला, तर कडा बोथट व्हायला लागतात. सुदानमधल्या जेबेल सहाबा या दफनभूमीतल्या ६१ सांगाड्यांची २०२१मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा हेच कामी आलं. काही जणांच्या अंगावर जुन्या, भरून आलेल्या जखमा होत्या आणि नव्याही. म्हणजे तेरा हजार वर्षांपूर्वीची ही एका दिवसाची लढाई नव्हती, हल्ले पुन्हा पुन्हा होत होते.

पण घाव मरणाच्या जरा आधीचा की जरा नंतरचा, हे हाड सांगत नाही. तिथे घाई नडते. मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी आर्यांनी केलेली कत्तल ठरवून टाकली होती. ते सगळे एका वेळचे नाहीतच, हे दुसरे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४मध्ये दाखवलं.

म्हणून मग आजूबाजूला बघायचं. जर्मनीतल्या खड्ड्यात कुणाला नीट निजवलेलंही नाही. इनामगावात मात्र मृताला उत्तर-दक्षिण सरळ निजवलेलं, उशाशी भांडी, तान्ही मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. गेलेल्याने घर सोडून चालत जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अंदाज आहे.

एक पुरुष तेवढा अपवाद. कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला, बहुधा गावाचा प्रमुख. त्याचे पाय शाबूत, आणि वर रांजणालाही चार पाय.