मराठवाड्यातल्या नगरपालिकेतून जुन्या नोंदीची नक्कल: अर्ज नेमका कुठे अडतो

‘सदर नोंद आढळून येत नाही.’ आजोबा-पणजोबांच्या जन्मनोंदीची नक्कल मागायला जाऊन पालिकेच्या अभिलेख कक्षातून हा शेरा घेऊन परतणारी माणसं मी बरीच पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांची नोंद आत बस्त्यात असते. अर्जात तिचा पत्ताच चुकीचा लिहिलेला असतो.

मुख्य घोळ वर्षाचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हा पालिकेला बलदिया म्हणत, कारभार उर्दूत आणि सन फसली, म्हणजे महसुली हिशोबाचं वर्ष. तुम्ही अर्जात ‘1938’ लिहिता, रजिस्टरवर 1347 किंवा 1348 असतं. हिशोब सोपा आहे. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, म्हणून जन्म जानेवारी ते सप्टेंबरमधला असेल तर इसवी सनातून 591 वजा करा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर 590. महिना माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ‘आषाढात झाला’ एवढं कळलं तरी काम होतं. तेही नसेल तर अर्जात दोन्ही फसली सन लिहा आणि मागचं-पुढचं एकेक वर्ष तपासायची विनंती करा.

दुसरा घोळ नावाचा. जन्माच्या जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. मुलगा की मुलगी, बापाचं नाव, मोहल्ला, झालं. आडनावही सापडेलच असं नाही. म्हणून आजोबांचं नाव देऊन थांबू नका. पणजोबांचं नाव, मोहल्ल्याचं जुनं नाव आणि आजोबांच्या भावंडांची अंदाजे वर्षंही लिहा.

तिसरा घोळ जिल्ह्याचा. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादमध्ये. लातूर जिल्हा 1982 चा, त्याआधी तो उस्मानाबादचा भाग. जुना कागद हाती असेल तर त्यावरचा शिक्का नीट पाहा. त्यात ‘अव्वल तालुकदार’ दिसलं तर तो आजच्या भाषेत कलेक्टर. तहसीलदार समजून तहसीलला खेटे घालू नका.

शेजारच्या खेड्यातला जन्म पालिकेत सापडणार नाही, त्यासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा. पीआर कार्डही (जागेचं मालमत्ता पत्रक) पालिकेत मिळत नाही, ते भूमी अभिलेखकडे. पालिकेत मिळतो तो कर आकारणीचा उतारा, आणि त्यानं घराची मालकी सिद्ध होत नाही. हे रांगेत उभं राहण्याआधी कुणी सांगत का नाही, कळत नाही.

कागद थोडेच लागतात: साधा अर्ज, ओळखपत्र, नातं दाखवणारी वंशावळ, नकलेची फी. अडतं ते भाषांतर. नक्कल उर्दूत किंवा मोडीत मिळाली तर शेजारच्या मास्तरांकडून मराठी करून आणू नका. ज्या कार्यालयात ती द्यायची, तिथे कुणाचं भाषांतर चालतं हे आधी विचारा. पैसे दोनदा गेलेले लोक मला माहीत आहेत.

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा काढत असाल तर तारीख बघा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. पुरावा त्या तारखेपूर्वीचा हवा. ओबीसीतले काही लोक निजामकाळाचाच कागद हवा समजून वर्षभर फिरतात, तर काही 1968 चा शाळेचा निर्गम उतारा घेऊन येतात. शिवाय जुन्या जन्मनोंदीत जातीचा रकाना भरलेला असेल तरच तिचा इथे उपयोग. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे जुन्या रेकॉर्डवर गर्दी वाढली आहे, तेव्हा ऐन प्रवेशाच्या तोंडावर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका. बाबू ‘जुनं आहे, वाळवीनं खाल्लं’ म्हणतो, माणूस मुकाट्यानं परत फिरतो. अर्जाची पोच घ्या, उत्तर लेखी मागा. जन्म-मृत्यूची रजिस्टरं नियमानं कायम जतन करायची असतात, ती नष्ट करता येत नाहीत. इतर कागद नष्ट केलेत असं सांगितलं तर कधी आणि कुणाच्या आदेशानं, ते विचारा. नोंद खरोखर नसेल तर नमुना 10 मधलं अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. उशिरा जन्मनोंदणी करायला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांची मुदत. पण त्यात ‘माझ्या आजोबांची माहिती द्यावी’ असं लिहू नका. फसली सन आणि मोहल्ला देऊन ‘या वर्षाच्या जन्म रजिस्टरमधील या मोहल्ल्याच्या पानांची प्रमाणित प्रत’ मागा. मुदतीत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. अपिलाला अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा, मूळ पोच घरी ठेवा.