पाटल्या, साखळी आणि सरासरी

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात आईच्या जुन्या पाटल्या आणि एक साखळी मोडायला गेले होते. पाटल्या 30 ग्रॅम, 22 कॅरेटच्या. साखळी 10 ग्रॅम, 18 कॅरेटची. सोबत भाची होती, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी. "दोन्ही एकत्र वितळवलं तर लगड किती कॅरेटची होईल?" असं मी विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "वीस." दुकानातले म्हातारे काका नुसतेच हसले.

22 आणि 18 च्या मधोमध 20 येतात, हे खरं. पण पाटल्यांचं सोनं तिप्पट आहे, तेव्हा उत्तर त्यांच्याकडे झुकायला हवं. 22 गुणिले 30 म्हणजे 660, 18 गुणिले 10 म्हणजे 180. बेरीज 840, भागिले एकूण 40 ग्रॅम. उत्तर 21. हीच भारित सरासरी.

सराफाचं हे गणित आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त सुवर्णगणित आहे. 13, 12, 11 आणि 10 वर्णाचं (म्हणजे कसाचं) सोनं अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 मासे (मासा हे जुनं वजन) घेऊन एकत्र आटवलं, तर कस किती? गुणाकारांची बेरीज 240, वजन 20 मासे, उत्तर 12. नुसते चार कस मिळवून चारांनी भागले असते तर साडेअकरा आले असते. पुढचा प्रश्न तर आणखी गोड आहे: शुद्ध करताना तेच 20 मासे 16 वर आले तर? वरचे 240 तसेच राहतात, कारण जळतं ते हीण, सोनं नव्हे. 240 भागिले 16, कस 15.

परीक्षेत मात्र प्रश्न बहुधा उलटा येतो. 22 आणि 18 कॅरेटचं सोनं कोणत्या प्रमाणात मिसळलं तर 19 कॅरेट मिळेल? 19 पासून 22 तीन घरं लांब, 18 एक घर. पुष्कळ मुलं 3:1 लिहून मोकळी होतात, आणि तो पर्याय नेमका छापलेला असतोच. बागेतल्या सी-सॉवर बसून पाहा. जड पोराला मधल्या टेकूजवळ सरकावं लागतं, हलक्याला टोकाला. टेकू 19 वर आहे, 18 त्याला खेटून, म्हणजे जड बाजू 18 ची. उत्तर 1:3. शिकवणीत 'फुलीची पद्धत' म्हणून जे घोकून घेतात, ते एवढंच आहे.

वजन नेहमी ग्रॅममध्येच असतं असंही नाही, आणि माझ्या मते खरी गोची इथेच आहे. नागपूरहून वर्ध्याला ताशी 40 च्या वेगाने गेलो, 60 ने परतलो, सरासरी वेग किती? पन्नास नव्हे. इथे वजन अंतराचं नसून वेळेचं आहे. अंतर 120 किलोमीटर धरा (वर्धा तेवढं लांब नाही, पण आकडा सोयीचा आहे): जायला 3 तास, यायला 2. 240 भागिले 5, म्हणजे 48. अंतर कोणतंही घ्या, 48 च येतील, कारण हळू चालवलेला वेळ नेहमी 3:2 ने जास्त भरतो.

चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो तिथे पेन उचलण्याआधी एवढं तरी बघावं, की उत्तर कुठल्या बाजूला झुकणार. दोनेक पर्याय अनेकदा तिथेच गळतात.

काकांनी दोन्ही वितळवून झालेली लगड कस मोजायच्या मशीनवर ठेवली. 20.8. भाचीचा चेहरा पडला. "मावशी, तुझंही चुकलं?"

"साखळीची कडी न् कडी डाख, म्हणजे सांधायचा हलका धातू, लावून जोडतात नं बेटा," काका म्हणाले. "तो काय 18 चा असते?"

भाचीने पावतीच्या मागे आकडे मांडले. 20.8 गुणिले 40 म्हणजे 832. त्यातून पाटल्यांचे 660 वजा. उरले 172, भागिले 10. साखळी 17.2 कॅरेटची होती.