काउइचन नदी : सॅल्मनच्या पाण्याचा जुना वाद

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरची काउइचन नदी उन्हाळ्यात गजबजलेली असते. लेक काउइचन गावातून टायरच्या ट्यूबवर बसून तरंगत निघालेली मुलं, त्यांच्यामागून कयाकवाले. हिवाळ्यात स्टीलहेड माशांसाठी गळ टाकून उभे राहणारे हौशी मासेमार. काउइचन तळ्यापासून समुद्रापर्यंत नदी जेमतेम ४७ किलोमीटर, पण चिनूक, कोहो आणि चम या सॅल्मन माशांच्या तीन जाती इथे अंडी घालायला येतात. २००३ मध्ये तिला कॅनडाच्या वारसा नद्यांत स्थान मिळालं.

हे मासे मुळात इथल्या मूळ रहिवाशांचं, क्वुत्सुन लोकांचं अन्न. नदीत खांब रोवून, फांद्यांचा कूड विणून ते मासे अडवत आणि पुरेसे मिळाले की वाट मोकळी करून देत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोरे वसाहतकार आले, १८८६ मध्ये बेटावर रेल्वे सुरू झाली आणि गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांची ये-जा वाढली. कूडामुळे मासे संपतात, अशी त्यांची तक्रार. सरकारने त्यांचं ऐकलं आणि कूडांवर बंधनं आणली. त्याच काळात नदीतून ओंडके वाहून नेले जात, पात्र खरवडलं जाई. तरी दोष मूळ रहिवाशांच्या माथी आला. हा अन्याय सांगितल्याशिवाय या नदीचा इतिहास पुरा होत नाही.

१९३०च्या दशकात शौकिनांसाठी नदीत ब्राऊन ट्राऊट जातीचे मासे सोडले गेले. नदीचं नशीब खऱ्या अर्थाने बदललं ते १९५७ मध्ये. बेटावरच्याच क्रॉफ्टन गावातल्या कागद-लगदा कारखान्याला पाणी हवं म्हणून तळ्याच्या मुखाशी ठेंगणा बंधारा बांधला गेला. वसंतात पाणी साठवायचं आणि उन्हाळाभर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर सोडत राहायचं, असा हिशोब. तेव्हापासून कारखाना, मासे आणि ट्यूबवरची मुलं सगळीच या साठ्यावर अवलंबून राहिली.

आता तो हिशोब जमत नाही. डोंगरांवर बर्फ कमी साठतं, उन्हाळे लांबतात. वसंतात पाणी झपाट्याने ओसरलं की सॅल्मनची पिल्लं बाजूच्या डबक्यांत अडकतात. स्वयंसेवक जाळ्या-बादल्या घेऊन ती नदीत सोडतात. शरद ऋतूत पाऊस लांबला तर अंडी घालायला आलेले चिनूक खाडीतच खोळंबतात आणि सीलच्या तोंडी पडतात. २००९ च्या सुमारास चिनूक काही शेकड्यांवर घसरले होते. नंतर ते चांगले सावरले. पण २०२३ च्या जुलैमध्ये नदीत हजारो मासे मेले.

२०१० मध्ये स्थापन झालेल्या काउइचन पाणलोट मंडळावर क्वुत्सुन प्रमुख आणि स्थानिक प्रादेशिक शासनाचे प्रमुख बरोबरीने अध्यक्षपद सांभाळू लागले. ज्यांचे कूड काढायला लावले, त्यांना पाण्याच्या निर्णयात स्थान मिळायला एवढा काळ जावा लागला. जुन्या बंधाऱ्याच्या जागी सुमारे ७० सेंटिमीटर अधिक उंचीचा बंधारा घालण्याच्या योजनेमागे हे दोघेही उभे राहिले. तळ्याकाठी घरं असलेल्या काहींना मात्र आपला किनारा पाण्याखाली जाण्याची धास्ती आहे.