पार्श्वभूमी : ‘लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर नको’ हा सल्ला आला कुठून

जर्मन शेफर्ड किंवा मॅलिनॉय जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आलं, की बाहेर कधी न्यायचं यावरून पहिला वाद होतो. डॉक्टर म्हणतात, लशी पूर्ण होऊ द्या. ट्रेनर म्हणतो, तोवर उशीर होईल. हे दोन सल्ले वेगवेगळ्या काळात जन्मले आहेत.

दोन्ही जाती मुळात मेंढपाळांच्या. शेफर्डची जात म्हणून रीतसर नोंद १८९९ साली जर्मनीत सुरू झाली. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने दिवसभर येरझारा घालायच्या आणि मेंढ्यांना पिकात शिरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. पळणाऱ्या पोरांच्या घोट्यांना पिल्लू दात लावतं, त्याचं मूळ तिथे आहे. पुढे पोलीस आणि लष्कराने ही कुत्री उचलली. पिल्लू सहा महिन्यांचं झाल्याखेरीज शिकवणीला हात घालायचा नाही, ही समजूत तेव्हापासून रूढ होती. त्यात फारसं बिघडत नसे, कारण पिल्लू गोठ्यात-अंगणात वाढायचं आणि गाड्या, गुरं, परकी माणसं त्याच्या नजरेखालून आपोआप जायची.

त्या ‘आपोआप’ची किंमत १९६१ मध्ये कळली. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या संशोधकांनी काही पिल्लं कुंपणाच्या आत, माणसाचा सहवास न देता वाढवली आणि वेगवेगळ्या वयाला एकेक आठवडा माणसांत आणली. चौदा आठवडे माणसापासून लांब राहिलेली पिल्लं नंतर कितीही लाड केले तरी जवळ येईनात. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्याची ‘खिडकी’, म्हणजे पिल्लू माणसांना आणि नव्या गोष्टींना सहज सरावतं तो काळ, ही कल्पना अशा कामातून रुजली.

मग १९७८ साली पार्वो आला. नवाकोरा विषाणू, कुठल्याच कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही. पाहता पाहता तो खंडोखंडी पसरला. मातीत तो महिनोन् महिने तग धरतो. रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू ज्याने एकदा पाहिलंय, त्याला डॉक्टरांची भीती समजावून सांगावी लागत नाही. लस आली, पण आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्तीच लशीला निकामी करू शकते. ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा डोस द्यायचे. घोळ इथेच आहे. खिडकी मिटते बारा-चौदाला, लशी संपतात सोळाला. ‘लशी पूर्ण होईपर्यंत’ हे तीन शब्द शब्दशः पाळले, तर खिडकी बंद दारामागेच मिटते.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांनी जाहीर भूमिका घेतली : सात-आठ आठवड्यांपासून पिल्लांच्या शिकवणी-वर्गाला न्या, अट एवढीच, की पहिल्या लशीला किमान सात दिवस झालेले हवेत आणि जंताचं औषध दिलेलं हवं. त्यांचा मुद्दा असा, की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचा जीव संसर्गापेक्षा वागणुकीच्या तक्रारींपायी जास्त जातो. २०१३ मध्ये तिथल्याच चार शहरांतली हजाराच्या वर पिल्लं तपासली, तेव्हा लस घेऊन वर्गाला जाणाऱ्या एकाही पिल्लाला पार्वो झालेला आढळला नाही.

मला ही भूमिका पटते, आणि मॅलिनॉयसारख्या तापट जातीसाठी तर दुपटीने पटते. चार महिने फ्लॅटमध्ये कोंडलेला शेफर्ड मी पाहिला आहे. लिफ्टचं दार सरकलं की भिंतीला चिकटून लघवी करायचा, आणि वर्षाचा झाल्यावर त्याच लिफ्टमधल्या माणसांवर धावून जाऊ लागला. मात्र तिकडचा वर्ग म्हणजे रोज जंतुनाशकाने पुसलेली फरशी. आपल्या सोसायटीच्या फाटकाबाहेरची माती तशी नाही. तिथे लस न झालेली भटकी पिल्लं रोज बसतात.

म्हणून इकडचे अनुभवी लोक आता पिल्लाला जमिनीवर ठेवतच नाहीत. कडेवर घ्यायचं आणि रिक्षास्टँडशी दहा मिनिटं उभं राहायचं. भाजीवाल्याची आरोळी, बुलेटचा धडधडाट, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा. पिल्लाचे कान टवकारले, की चिकनचा नखाएवढा तुकडा तोंडात. अंग ताठ झालं आणि तुकडा नाकारला, तर चार पावलं मागे यायचं. लस झालेला ओळखीतला मोठा कुत्रा असेल, तर त्याच्या घरी, धुतलेल्या फरशीवर भेट. घोट्यांना चावायची खोड मोडायलाही हेच आठवडे हाताशी असतात : पाय जागच्या जागी थांबवायचे आणि दोरीचं खेळणं पुढे करायचं.