थर, वीज आणि एक जोडनाव : द्रवस्फटिकांतल्या अस्थिरतेची पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंड्याच्या एका महाविद्यालयातली पदव्युत्तर मुले यंदा द्रवस्फटिकाच्या, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी रेणूंची रचना राखणाऱ्या पदार्थाच्या, पेटीवर प्रकल्प करत आहेत. दोन वाहक काचा, त्यांच्यामध्ये काही मायक्रॉनांचा पदार्थ आणि वर सूक्ष्मदर्शक. व्होल्टेज वाढवत नेले की एकसारख्या दिसणाऱ्या क्षेत्रात बारीक पट्टे उमटतात आणि वहीत नोंद होते : ‘हेल्फ्रिख–ह्युरो अस्थिरता’. हे नाव इतक्या सहज लिहू नये असे मला वाटते. त्याच्यामागे बराच गुंता आहे.

१८८८ साली प्रागमध्ये कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू सापडले. १९२२ मध्ये नेमॅटिक (रेणू एका दिशेने, पण थर नाहीत), स्मेक्टिक आणि कोलेस्टेरिक ही वर्गवारी रूढ झाली. एवढे पाठ्यपुस्तकात असते. आपली गोष्ट सुरू होते ती १९७० च्या सुमारास. तेव्हा सपाट पडद्यांच्या आशेने अनेक प्रयोगशाळा या पदार्थांना वीज लावून पाहत होत्या.

स्मेक्टिकमधले रेणू थरांत बसतात. एका थराची जाडी दोन-तीन नॅनोमीटर. बेबिंकेचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाचा, काप हातात धरून पाहा : तो वाकतो सहज, पण दोन थरांमधले अंतर बदलायला गेलात तर तो दाद देत नाही. स्मेक्टिकचेही तसेच. समजा थर काचेला समांतर आहेत, रेणू उभे आहेत आणि विद्युतक्षेत्राला ते आडवे हवे आहेत. थर त्यांना वळू देत नाहीत. मग तडजोड होते : थर लाटेसारखे लहरतात आणि त्या उतारांवरचे रेणू थोडेथोडे कलतात. ही झाली थरांची अस्थिरता.

आता नावाकडे. ज्या दोन संशोधकांची आडनावे यात जोडली आहेत, त्यांचे १९७० आणि १९७३ चे मूळ गणित स्मेक्टिकचे नव्हतेच. ते कोलेस्टेरिकचे होते. कोलेस्टेरिकमध्ये रेणूंची दिशा जिन्यासारखी फिरत जाते. फिरण्याचा एक टप्पा संपला की तीच दिशा पुन्हा येते, म्हणून लांबून पाहिले तर थर ‘दिसतात’. पण घनतेचा चढउतार तिथे नाही, रेणू एका ‘थरातून’ दुसऱ्यात विनासायास जातात. हे थर म्हणजे हिशेबाची सोय. स्मेक्टिकचे थर मात्र खरे, पदार्थाचेच. गणित दोन्हीकडे जवळजवळ तेच उतरते म्हणून नावही तसेच उचलले गेले. माझ्या मते इथे घाई झाली. कोलेस्टेरिकचे थर सैल, त्यामुळे तिथे कमी व्होल्टेजला जाळीदार नक्षी उमटते. खऱ्या थरांना लहरवायला बरेच जास्त क्षेत्र लागते, आणि तोवर पुष्कळदा शंकूसारख्या आकृत्यांचे दोष उगवून सुबक लाटेची संधीच जाते.

दुसरी अडचण याहून मोठी. १९७३ मध्येच दोन वेगळ्या गटांनी दाखवले की विजेशिवायही स्मेक्टिकचे थर लहरतात. काचा किंचित दूर सरकवल्या की पुरे. नवे थर लगेच तयार होत नाहीत, मग असलेलेच थर तिरके होऊन वाढलेली जागा भरतात. यासाठी किती ताणावे लागते? पदार्थाची एक नैसर्गिक लांबी असते, साधारण एका थराच्या जाडीएवढी. तिच्या सुमारे सव्वासहा पट. ती दोन नॅनोमीटर धरली तर तेरा नॅनोमीटरच्या आसपास. पेटी शंभर मायक्रॉनांची असली तरी आकडा तोच. तापमानात थोडा फेर झाला तरी एवढे ताणले जाऊ शकते. म्हणून पट्टे दिसले की त्याचे श्रेय विजेला देण्याआधी थांबावे लागते.

पारख करायला एक जुना आणि सोपा मार्ग आहे. नेमॅटिकमध्ये रेणू वळतात तेव्हा लागणारे व्होल्टेज पेटीच्या जाडीवर अवलंबून नसते. थर लहरतात तेव्हा ते जाडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते : जाडी दुप्पट केली तर सुमारे १.४ पट. तिसरा प्रकार आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, प्रवाहाचा. तो कमी वारंवारतेला जोर धरतो आणि वारंवारता पुरेशी वाढवली की मावळतो. या तिन्हींना आपण मराठीत ‘अस्थिरता’ हा एकच शब्द वापरतो. मी स्वतः वर्गात अनुक्रमे ‘वळण’, ‘लहर’ आणि ‘खळबळ’ असे म्हणतो. मुलांच्या डोक्यात फरक नीट बसतो.

ही खळबळ पुढे उपयोगी पडली. स्मेक्टिकला कमी वारंवारतेची वीज दिली की आयन थर विस्कटतात आणि काच दुधाळ होते. जास्त वारंवारता दिली की ती पुन्हा पारदर्शक. वीज काढली तरी आहे ती स्थिती टिकते, म्हणून खिडक्यांच्या काचांसाठी याचा वापर होतो.

१९७५ मध्ये कललेल्या, हस्तगुणी (डाव्या-उजव्या हातांसारखे आपल्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या) रेणूंच्या स्मेक्टिकमध्ये कायमची विद्युत्ध्रुवता सापडली, आणि १९८० मध्ये पातळ पेटीत ती मायक्रोसेकंदांत उलटवता येते हे दिसले. पडद्यांच्या जगात मोठा गाजावाजा झाला. पण थरांनी इथेही हिसका दाखवलाच. पदार्थ थंड होताना रेणू कलतात, थर आखडतात आणि सरळ उभे राहायचे सोडून मधोमध मोडतात, वेताच्या विणीसारखे. १९८७ मध्ये क्ष-किरणांनी हे पक्के झाले. या पेट्यांत दिसणाऱ्या नागमोडी दोषरेषांचा उगम तिथेच. जोरदार क्षेत्र लावले तर मोड बराचसा सरळ होतो, पण त्या बदल्यात काचेच्या पातळीत नव्या घड्या पडतात. शिवाय पडद्याला धक्का बसला तरी रचना बिघडे. हे पडदे घराघरांत का पोचले नाहीत, याचे एक मोठे कारण हेच.

दरम्यान १९७७ मध्ये आपल्या शेजारी बंगळूरला चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक सापडले. त्यांत थरांऐवजी स्तंभ असतात, आणि स्तंभही ताणाने असेच लहरतात. १९९६ नंतर केळ्यासारख्या वाकड्या रेणूंचे थर आले. २०२० मध्ये ध्रुवीय नेमॅटिकची, म्हणजे ज्यात रेणूंची टोके एकाच बाजूला रोखलेली असतात अशा नेमॅटिकची, खात्री पटली. त्याला सेंटीमीटरला एका व्होल्टच्या आसपासचे क्षेत्रही दिशा बदलायला पुरते. त्यापाठोपाठ त्याच जातीचे थरवाले पदार्थही हाती आले. इतक्या नाजूक प्रतिसादाच्या पदार्थात जाडीच्या वर्गमुळाचा नियम तसाच गृहीत धरता येणार नाही, कारण तो ध्रुवता नसलेल्या थरांसाठी काढलेला आहे.

फोंड्याच्या मुलांची पेटी मात्र साध्या स्मेक्टिकची. त्यांनी वीस आणि चाळीस मायक्रॉनांच्या दोन पेट्या भरल्या आहेत. दोन्हींत पट्टे कोणत्या व्होल्टेजला उमटतात, ते आधी मोजायचे आणि मग नाव लिहायचे, असे ठरले आहे.