कॅटरपिलर म्हणजे पिवळाच? नाही!

जुना कॅटरपिलर ट्रॅक्टर रंगवायला हाती आला की पिवळ्या रंगाचा डबा आणायचा, हा समज चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या होल्ट आणि बेस्ट या कंपन्या १९२५ मध्ये एक होऊन कॅटरपिलर ही कंपनी झाली, तेव्हा ट्रॅक्टर राखाडी असत, अक्षरं लाल. पिवळा आला डिसेंबर १९३१ मध्ये. रस्त्याच्या कामावर यंत्र लांबून दिसावं म्हणून. मग १९२८ चा ‘सिक्स्टी’ (कॅटरपिलरचंच एक मॉडेल) पिवळा कसा? मागाहून कुणीतरी फासलेला! खात्रीसाठी ग्रीस खरवडून एखादा कोपरा ओल्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा (कोरडा नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं). पिवळ्याखाली राखाडी कडं उमटतं. आधीच सरसकट सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं रंग काढणं) केलंत, तर हा पुरावा गेलाच. आणि १९३१ नंतरच्या यंत्रालाही आजचा पिवळा जुळत नाही. कंपनीनं १९७९ मध्ये छटा बदलली.